पंचायतीची इर्जिक

भामामावशींना ज्या कागदावर सही करायची नसे, तो कागद समोर आला की त्यांचा चष्मा हरवायचा. सरपंचाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुणाला तोंडावर 'नाही' म्हटल्याचं मला आठवत नाही. ठेकेदार फाईल पुढे सरकवायचा. मावशी कापडी पिशवी चाचपायच्या, टेबलाखाली वाकून बघायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "इसरला वाटतं घरी. उद्या या." दुसऱ्या दिवशीही तो विसरलेलाच असायचा. खरं तर चष्मा बहुतेक वेळा त्यांच्या डोक्यावरच, पदराखाली असायचा, आणि पदराचा तो उंचवटा ठेकेदारालाही दिसायचा. पण सरपंचबाईंच्या पदराकडे बोट कोण दाखवणार? तीन-चार खेपा घातल्या की माणूस काय ते समजून घ्यायचा.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी लिहावं असं तेव्हाच वाटलं होतं, पण लिहायला बसलो की ठरावाची भाषा यायची. सर्वानुमते, सबब, उपरोक्त. नोकरीभर सभांची इतिवृत्तं लिहिलेल्या माणसाचं असं होतं. म्हणून थांबलो होतो.

मी ग्रामसेवक. खेड्यात आम्हाला भाऊसाहेब म्हणतात. पंचायतीचा हिशेब, दाखले, वरून आलेली पत्रं, हे सगळं आमच्याकडे. मावशी ज्या गावच्या सरपंच होत्या त्याचं नाव लिहीत नाही. मळवलीला गाडीतून उतरून डोंगराच्या बाजूला चालू लागलं की जी गावं लागतात, त्यांतलं ते एक. मी तिथे बदलून गेलो तेव्हा ते निम्मं भाताचं आणि निम्मं बंगल्यांचं झालं होतं. भाताची खाचरं खाली ओढ्याच्या अंगाला, बंगले चढावर. बंगल्यांतली माणसं शनिवार-रविवारी यायची. बाकीचे दिवस तिथे गावातलेच लोक असायचे. कुणी माळीकामाला, कुणी राखणीला, कुणी पोहण्याचे तलाव साफ करायला. गावातल्या जवळजवळ प्रत्येक चुलीवरचं काही ना काही चढावरून येत होतं.

पंचायतीचं दुखणं असं, की चढ वाढत गेला होता आणि पंचायत खालच्या गावाच्या मापाचीच राहिली होती. रस्त्यावरचे दिवे, कचऱ्याची गाडी, पाणी, सगळं वरही पुरवायचं. पण बरेच बंगले कागदोपत्री शेतघरं, त्यामुळे घरपट्टी यायची ती शेतघराची. सरकारकडून निधी यायचा, नाही असं नाही. पण तो कशावर खर्च करायचा हे ठरूनच यायचं. चौकात व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवायला पैसे होते. देवळापुढे सिमेंटचे ठोकळे बसवायला पैसे होते. नदीवरून गावाला पाणी चढवणाऱ्या पंपाचं वीजबिल भरायला मात्र पैसे नव्हते.

हे मी मावशींना पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ हनुवटीला बोट लावून ऐकत होत्या.

"म्हंजी लुगडं देणार, पर भाकर न्हाई देणार," त्या म्हणाल्या.

"तसंच म्हणा."

"आन् लुगडं नेसून उपाशी बसलं, तर म्हणणार, बाई कशी नटून बसलीया."

मावशी सरपंच झाल्या त्या दिरामुळे. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा बबनआबांनी विधवा वहिनीचं नाव पुढे केलं. त्यांचा विचार साधा होता. वहिनी सही करील, कारभार आपण बघू. पहिले काही महिने ते खरोखर मावशींच्या शेजारी खुर्ची टाकून बसत आणि आलेल्या माणसाशी बोलत. मावशी ऐकत. भर कचेरीत त्या दिराचा कधी अपमान करीत नसत. "आबा म्हणत्यात ते खरं हाय," असं म्हणत आणि पिशवी चाचपायला लागत. शेवटी आबांनी लोणावळ्याला जाऊन त्यांना दुसरा चष्मा करून आणला. तोही हरवला. त्यानंतर आबांनी खुर्ची हलवून दाराबाहेर व्हरांड्यात टाकली आणि तिथे बसून ते पेपर वाचू लागले. 

सरपंच होण्याआधी मावशींनी कितीतरी वर्षं चढावरच्या बंगल्यांत धुणीभांडी केली होती. त्या कामातून त्यांना एक खोड लागली होती, ती पुढे गेली नाही. गळता नळ त्यांना सहन होत नसे. सकाळी गावातून फेरी मारताना पाण्याचा आवाज आला की त्या कुणाच्याही परसात शिरत आणि नळ घट्ट बंद करून बाहेर पडत. विचारणं नाही, सांगणं नाही. घरातल्या बायका त्यांना पाहून आधी चूल बघायच्या नाहीत, नळ बघायच्या. 

चढावरही त्या तशाच शिरत. एका शनिवारी मी कामाला त्यांच्याबरोबर वर गेलो होतो. एका बंगल्याच्या हिरवळीवर पाइप मोकळा सोडलेला होता आणि पाणी फाटकाखालून रस्त्यावर येत होतं. मावशींनी कडी काढली, आत गेल्या. तलावाच्या काठी मुंबईची चार तरुण मुलं-मुली बसली होती. मावशींनी तोटी बंद केली, पाइप गुंडाळून खुंटीला अडकवला, आणि परत येताना एका मुलीपाशी थांबून म्हणाल्या, "बाळा, वल्ल्या केसानं वाऱ्यात बसू नगंस. डोकं धरंल." आणि आल्या बाहेर. मागे त्या मुलांनी राखणदाराला विचारलेलं मला ऐकू आलं. "ये मौसी कौन है?" तो म्हणाला, "सरपंच." मुलं हसली. त्यांना ती थट्टा वाटली.

पण ही सगळी मावशींची ओळख झाली. त्या गावाच्या लक्षात राहिल्या आहेत त्या वेगळ्याच गोष्टीसाठी.

एका वर्षी उन्हाळा तोंडावर असताना पंपाची वीज तोडली गेली. वीजवाल्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. बिल खरंच थकलं होतं. गावात टँकर सुरू झाला. टँकर आला की रस्त्यावर हंड्यांची रांग लागायची आणि रांगेत भांडणं. बंगल्यांनी आपापले टँकर मागवले. अशात एक दिवस बंगलेवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष सबनीस साहेब कचेरीत आले. मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, सडपातळ, बोलायला मऊ. निवृत्तीनंतर ते बायकोसह इथे कायमचेच राहायला आले होते. मावशींनी त्यांच्या घरीही भांडी घासली होती. ते म्हणाले, ग्रामसभा बोलवा, आमचा एक प्रस्ताव आहे.

ग्रामसभा देवळाच्या सभामंडपात भरली. इतकी गर्दी मी तिथे पुन्हा पाहिली नाही. सबनीस साहेबांनी उभं राहून सांगितलं की मंडळ सगळी थकबाकी भरेल, पुढची बिलंही मंडळच भरेल. "आमची विनंती एवढीच, की चढासाठी वेगळी लाईन टाकू द्या, आणि तिचा व्हॉल्व्ह आमच्या माणसाच्या ताब्यात राहू द्या." 

सभामंडपात कुजबुज झाली आणि ती बहुतेक होकाराची होती. बबनआबा म्हणाले, "वाईट काय हाय त्यात? देणारा देतुया, घेणाऱ्याच्या हाताला काय झालंय?" मग मावशींचा मुलगा महेश उभा राहिला. तो चढावरच्या बऱ्याच बंगल्यांचे तलाव आणि बागा सांभाळायचा. घर त्याच्यावर चालायचं. तो सगळ्यांसमोर आईला म्हणाला, "आये, व्हय म्हण. वर पाणी न्हाई ऱ्हायलं तर माझं काम ऱ्हात न्हाई. माझं एकट्याचं न्हाई, हितल्या निम्म्यांचं." 

तो खोटं बोलत नव्हता. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग सबनीस साहेबांकडे.

"साहेब, एक इचारू? मे म्हैन्यात नदीला टिचभर पाणी ऱ्हातं. तवा पैलं पाणी कुणाला?"

साहेब म्हणाले, "ज्याच्या हातात व्हॉल्व्ह असेल त्याला, मावशी. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

सभा हसली. साहेबही हसले. मावशी म्हणाल्या, "खरं बोललासा. लय बरं झालं." तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "मावशे, आज चष्मा आणलायस का?"

"न्हाई," मावशी म्हणाल्या. "घरी ऱ्हायला."

ठराव तिथेच संपला. पण तहान कशी भागवायची हा प्रश्न होताच, आणि आता तर तो एकट्या मावशींच्या अंगावर आला होता. पैसे नाकारले त्यांनी. तेव्हा पाणीही त्यांनीच आणायचं, असं लोकांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. मावशींनी पंचायतीचे पाणीवाले हुसेनभाई यांना पुढे बोलावलं. डोंगराच्या कुशीत एक बारमाही झरा होता, त्याखाली दगडात खोदलेलं टाकं. पंप येण्याच्या आधी गाव तेच पाणी प्यायचं. पाणी उतारानं आपोआप खाली येणारं, त्याला वीज लागत नव्हती. पंप आल्यावर ती लाईन कुणी बघितली नाही आणि लोखंडी पाइप गंजून गेला. नवा पाइप घेण्याइतके पैसे पंचायत खरडून-पुसून उभे करू शकत होती. पण डोंगरापासून गावापर्यंत मुरमातून चर खणायची मजुरी तिला झेपणारी नव्हती.

"खणायला इर्जिक घालू," मावशी म्हणाल्या.

तरुण पोरांना तो शब्दच माहीत नव्हता. म्हाताऱ्यांना होता. पूर्वी एखाद्याचं शेतातलं काम अडलं की तो गावाला बोलवायचा. लोक आपापली अवजारं घेऊन यायचे आणि दिवसभर त्याच्या रानात राबायचे. मजुरी नाही. त्या दिवशीचं जेवण मात्र त्यानं घालायचं, आणि पुढे आलेल्या प्रत्येकाच्या कामाला एकेक दिवस जाऊन फेड करायची. ट्रॅक्टर आले, पोरं बंगल्यांवर आणि कारखान्यांत कामाला गेली, आणि इर्जिक बंद पडली. 

"इर्जिक मानसाची असती," बबनआबा म्हणाले. "पंचायतीची कुटं इर्जिक असती का?"

"घातली की असती," मावशी म्हणाल्या.

सबनीस साहेब निघताना म्हणाले की मजुरीला हातभार म्हणून मी काही रक्कम देतो. मावशींनी हात जोडले. "पैसं नगं, साहेब. इर्जिकीचं बोलावनं हाय. आलासा तर या."

आणि ते आले. चर खणायचं काम बरेच दिवस चाललं. रोज वेगवेगळी घरं येत. सबनीस साहेब एका दिवशी डोक्याला टोपी आणि हातात बागकामाचे मोजे घालून हजर झाले. कुदळ त्यांच्याच्यानं उचलेना, म्हणून हुसेनभाईंनी त्यांना पाइपाची टोकं पुसायचं काम दिलं. दुपारी ते पंगतीत मांडी घालून बसले. मांडी नीट घालता येईना तेव्हा शेजारच्याने त्यांच्या पाठीशी मुरमाचं पोतं लावलं. जेवण मावशींच्या घरचं असायचं. स्वतःच्या खाचरातला इंद्रायणीचा भात, आमटी, वांग्या-बटाट्याची भाजी, लापशी. पंचायतीच्या खर्चात जेवणाची तरतूद नव्हती, आणि मावशींनी ती मला विचारलीही नाही.

महेश त्या सगळ्या दिवसांत एकदाही आला नाही.

झऱ्याचं पाणी गावात पोहोचलं तेव्हा त्याची धार करंगळीएवढी होती. पण ती अखंड होती. रात्रभर टाकीत जमायची आणि सकाळी गावाला पुरायची. पुढे पंचायतीनं हप्त्याहप्त्यानं बिल फेडून पंपाची वीज परत मिळवली. आता पंप फक्त उन्हाळ्याच्या शेवटी चालवावा लागे. पाणी पाळीनं सुटायचं, गावाला आणि चढाला सारखंच. उन्हाळ्यात पोहण्याचे तलाव भरण्याइतकं ते नव्हतं. काही बंगल्यांनी तलाव कोरडे ठेवले आणि महेशची त्या घरांतली कामं सुटली. तो आईशी बोलेनासा झाला. एकाच घरात राहून, एकाच चुलीवरचं खाऊन. 

इथपर्यंत जे घडलं ते एखाद्या चांगल्या सरपंचाच्या हातून घडू शकतं. तसे सरपंच मी पाहिले आहेत. पुढचं मात्र मी कुठे पाहिलं नाही.

पाऊस लागला, आवणी सुरू झाली, म्हणजे भाताची रोपं चिखलात लावायचं काम. एके सकाळी मी सहीसाठी कागद घेऊन मावशींच्या घरी गेलो तर त्या नव्हत्या. सून सुनीता म्हणाली, "आत्या फेडीला गेल्यात." 

मला आधी कळलंच नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खाचरात मावशी गुडघाभर चिखलात वाकलेल्या दिसल्या. मी बांधावर छत्री धरून उभा राहिलो.

"मावशी, हे काय?"

"ह्यांच्या घरची दोन मानसं आलती की चराला."

"पण ती पंचायतीच्या कामाला आली होती. तुमच्या नाही."

"मंग पंचायतीनं फेडाय नगं?"

मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. कायद्यानं ग्रामपंचायत ही एक स्वतंत्र व्यक्ती समजली जाते. तिचं देणं ते तिचं देणं, सरपंचाचं नव्हे. मावशींनी रोपांची एक मूठ संपवली, दुसरी सोडली.

"ती यक्ती हाय म्हणता?"

"कायद्यानं."

"तिला पाय हायत का, भाऊसाहेब? चिखलात कोन उतरनार?"

मी हातातले कागद पुढे केले. मावशींनी पदराला हात पुसला आणि बांधावर वाकून कागदावर सही केली. त्या दिवशी चष्मा सापडला होता.

ही त्यांची समजूत चुकीची होती, असं मी आजही म्हणेन. गावातही सगळे तेच म्हणत होते. लोकांना आपल्या खाचरात सरपंचबाई वाकलेल्या बघून अवघडल्यासारखं व्हायचं. एकाने तर मावशी दारात दिसल्यावर सांगितलं की आमची आवणी झाली. मावशींनी मागे जाऊन खाचर बघितलं, ते रिकामं होतं, आणि त्या खाली उतरल्या. बबनआबा व्हरांड्यातून ओरडले, "सरपंच हायस का रोजंदारीवर हायस? भावकीत तोंड दाखवायची चोरी झाली." मावशी म्हणाल्या, "आबा, तुमी पन आलता एक दिस. तुमच्यात मंगळवारी येते." आबांनी पेपर तोंडापुढे धरला. मंगळवारी त्या गेल्या.

त्या पावसाळ्यात वडगावहून गटविकास अधिकारी अचानक पाहणीला आले. तरुण होते, नव्यानेच रुजू झालेले. सरपंच कुठे आहेत विचारलं. मी त्यांना खाचरावर घेऊन गेलो; दुसरा इलाज नव्हता. मावशींनी वर पाहिलं. "या साहेब. एवढी वळ लावून येते. तवर ती मूठ फेका जरा हिकडं." साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग बांधावर रचलेल्या रोपांकडे, आणि एक मूठ उचलून फेकली. ती मावशींच्या फार अलीकडे पडली. "जोरानं फेका की. जेवला न्हाईसा का?" दुसरी बरोबर पडली. त्यानंतर साहेब बराच वेळ मुठी फेकत होते. पाहणीच्या अहवालात त्यांनी काय लिहिलं ते मला कळलं नाही, पण त्या वर्षी आमच्या पंचायतीवर शेरा आला नाही.

सबनीस साहेबांची फेड मावशींनी शेवटी ठेवली होती. त्या सकाळी त्या त्यांच्या फाटकात उभ्या राहिल्या. नंतर साहेबांनीच मला हे सगळं हसत सांगितलं.

साहेब म्हणाले होते, "अहो मावशी, तुम्ही सरपंच आहात."

"सरपंच हाय म्हनूनच आले. सांगा काम."

साहेबांच्या पत्नीने चहा आणला. मावशींनी तो उभ्या-उभ्या प्यायला आणि जुन्या सवयीनं कप विसळून ठेवला. साहेब म्हणाले, काम काही नाही, बसा, गप्पा मारू. मावशी म्हणाल्या, "गप्पा म्हंजी काम न्हाई. त्याची फेड धरत न्हाईत." मग त्या स्वतःच बागेत फिरल्या. हिरवळीचा खालचा कोपरा पाणथळ होता. दर पावसाळ्यात तिथलं गवत कुजायचं आणि दर दिवाळीला साहेब नवं लावून घ्यायचे. मावशी परत गेल्या, उरलेल्या रोपांचा भारा डोक्यावर घेऊन आल्या आणि त्या कोपऱ्यात दुपारपर्यंत भात लावला. 

साहेबांना ते काढून टाकावंसं वाटलं नाही. हिवाळ्याच्या तोंडी लोंब्या पिकल्या तेव्हा नवरा-बायकोनं त्या कात्रीनं कापल्या. वाटीभर तांदूळ झाला. ती वाटी घेऊन ते कचेरीत आले आणि मावशींच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "वास बघा." मावशींनी वास घेतला. "इंद्रायणीच हाय," त्या म्हणाल्या. "पर लय उशिरा कापलीसा."

या सगळ्याची किंमत घरात मोजली जात होती. मावशी दुसऱ्यांच्या खाचरात असल्या की त्यांच्या स्वतःच्या खाचरात सुनीताला रोजानं बायका लावाव्या लागत. सुनीता मला एकदा म्हणाली, "भाऊसाहेब, गावाला वाटतं आमची सासू देवमानूस. देवमानसाच्या घरात ऱ्हाऊन बघा म्हनावं." तिच्या बोलण्यात राग होता, पण त्याच वेळी ती सासूच्या चिखलानं चिरलेल्या टाचांना लावायला कोकम तेल गरम करीत होती. महेश दारातून बघत होता.

मावशींची मुदत संपली. पुन्हा निवडणुकीला उभ्या राहा असं लोकांनी म्हटलं, पण तोपर्यंत त्यांच्या अंगावर सूज येऊ लागली होती. मूत्रपिंडं निकामी होत होती. माझीही बदली वराळ्याच्या बाजूला एका पंचायतीत झाली. तिथे मोठमोठ्या इमारती उठत होत्या आणि पंचायतीकडे पैसा होता. तिथली भांडणं वेगळी होती. मावशींची खबर मला हुसेनभाईंकडून कळायची. त्यांनी एकदा फोनवर सांगितलं की गावात पुन्हा बोलणं सुरू आहे. मावशी खाटेला लागल्या, आता इर्जिकीला कोण बोलावणार. लाईन कुठे फुटली तर दुरुस्त कोण करणार. त्यापेक्षा बंगलेवाल्यांना देऊन टाका व्हॉल्व्ह. "मावशींना माहीत आहे का हे?" मी विचारलं. हुसेनभाई म्हणाले, "सगळं म्हाईत हाय. काय बोलत न्हाई. नुसती इचारती, आज पानी आलं का." 

एका रविवारी मी त्यांना भेटायला गेलो. गावाच्या अलीकडेच रस्ता अडलेला दिसला. झऱ्याची लाईन जिथे रस्त्याखालून जाते तिथे रात्री फुटली होती. रस्ता आडवा खणून काढला होता आणि चरात दहा-बारा माणसं होती. हुसेनभाई गुडघ्यावर बसून जोड घासत होते. सबनीस साहेब नव्या पाइपाचं टोक पुसत होते. आणि चराच्या तळाशी, कंबरेपर्यंत चिखलात, महेश होता.

तेवढ्यात गावाच्या बाजूनं एक गाडी आली. मावशींना आठवड्यातून दोनदा तळेगावच्या दवाखान्यात डायलिसिसला न्यावं लागे, त्याची ती वेळ होती. चरापाशी गाडी थांबली. सुनीता उतरली, मग तिचा हात धरून मावशी. किती लहान झाल्या होत्या. चेहरा सुजलेला आणि बाकी अंग वाळलेलं.

हुसेनभाई घाईनं उठले. "थांबा मावशी, चर बुजवतो. गाडी जाऊ द्या, मंग परत काढू."

"कुणी बोलावलं रं तुमास्नी?" मावशींनी विचारलं.

"कुनी न्हाई. पानी आलं न्हाई सकाळी, म्हनून आलो."

"जेवान कोन घालनार हाय?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मावशी वाट बघत उभ्या होत्या. त्यांचं ते विचारणं खरोखरचं होतं. जेवण घालणाऱ्याची इर्जिक, आणि त्याचीच फेड.

खालून महेश म्हणाला, "जो तो घरी जाऊन खाईल, आये. फेड-बीड काय न्हाई कुनाची. आपलीच लाईन हाय." त्यानं वर बघितलं नाही, फावडं मारलं. मग जरा वेळानं म्हणाला, "तू जा. उशीर व्हईल तितं."

मावशींनी त्याच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं.

"चर बुजवू नका," त्या म्हणाल्या. "मी पल्याड जाते."

एक फळी आडवी टाकली. तिच्यावरून मी आधी त्यांच्या बाजूला गेलो. मावशींनी चपला काढून हातात घेतल्या. सुनीता पुढे, मागून मी, असं करून त्या पावलापावलानं फळीवरून पलीकडे गेल्या. मला बघून त्या म्हणाल्या, "आलासा का भाऊसाहेब? घरी च्या घेऊन जा." मी म्हणालो, घेतो. तिकडून येणारी एक रिक्षा कुणीतरी थांबवून ठेवली होती. त्यांना आत बसवलं, शेजारी सुनीता बसली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्या गेल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या रिक्षात. मागे चरात सगळे पुन्हा वाकले होते. रिक्षाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, महेशचंही नाही. आणि मावशींनीही मागे वळून पाहिलं नाही. रिक्षा सुरू झाली तेव्हा त्या पुढे झुकून रिक्षावाल्याला विचारत होत्या, "तू कुटल्या गावचा रं? तुमच्यात पानी कवा येतं?"